डिकीतल्या कार्पेटवर इंजिन ऑइल सांडलंय? पाण्याला सगळ्यात शेवटी हात लावा

प्रश्न थोडक्यात असा आहे: 1986 ची प्रीमियर पद्मिनी, डिकीत आधीच्या मालकाने बसवून घेतलेलं तपकिरी कार्पेट. पुण्याहून वाईला जाताना 20 डब्ल्यू 50 (हा दाटपणाचा ग्रेड) इंजिन ऑइलच्या कॅनचं झाकण ढिलं झालं आणि अर्धा लिटरच्या आसपास ऑइल सांडलं. लक्षात आलं दोन दिवसांनी. कार्पेटखाली जाड नमदा, म्हणजे दाबून केलेल्या तंतूंचं अस्तर आहे, त्याच्याखाली पत्र्यावर कसलासा काळा थर आहे. एका मित्राने सांगितलं, पेट्रोल ओतून ब्रशने घासा. दुसऱ्याने सांगितलं, वॉशिंग सेंटरला नेऊन स्टीम मारून घ्या. यातलं काय करावं?

दोन्ही करू नका.

पेट्रोलचं आधी. पेट्रोलची वाफ उणे 40 अंशांच्या आसपाससुद्धा पेट घेऊ शकते, आणि ती हवेपेक्षा जड असल्यामुळे डिकीच्या खोलगट भागात साचून राहते. तिथूनच टेल लॅम्पच्या वायरी गेलेल्या असतात, आणि तुमच्या गाडीत त्यांचं वय चाळिशीच्या आसपास. पेट्रोलची टाकीही गाडीच्या मागच्याच अंगाला आहे. एक ठिणगी पुरते. आणि एवढा धोका पत्करून मिळतं काय? पेट्रोल ऑइलला पातळ करून खाली नमद्यात नेऊन सोडतं. वरून कार्पेट स्वच्छ दिसतं, ऑइल मात्र डिकीतच असतं.

स्टीमचंही तसंच. 20 डब्ल्यू 50 थंड असताना चांगलं दाट असतं, म्हणून त्यातलं बरंचसं अजून कार्पेटच्या केसांत आणि पाठीत अडकून आहे. गरम केलंत की ते बरंच पातळ होऊन खाली उतरेल. शिवाय जुन्या कार्पेटची पाठ बहुतेक वेळा तागाची असते. ती भिजली की आकसते आणि तपकिरी रंग सोडते. मग डाग एकाचे दोन होतात.

आता कामाला लागू. पण त्याआधी एक खात्री करून घ्या, सांडलंय ते नक्की ऑइलच आहे ना? तुमच्या बाबतीत कॅन समोर आहे, त्यामुळे शंका नाही. इतरांसाठी सांगतो, कारण डिकीत काय काय ठेवलेलं असतं ते आम्ही बघतो. ब्रेक ऑइलला सगळे ऑइल म्हणतात, पण डॉट 3 किंवा डॉट 4 हे तेल नाहीच. ते पाण्यात विरघळतं आणि रंग खातं. ते सांडलं असेल तर खालचा सगळा सल्ला विसरा आणि ताबडतोब भरपूर पाण्याने धुवा, आधी पत्रा आणि मग कार्पेट. गिअर ऑइल असेल तर गंधकाचा उग्र वास येतो. पद्धत इंजिन ऑइलचीच, फक्त वास जायला जास्त दिवस लागतात. गावाकडून येताना खोबरेल तेलाचा डबा कलंडला असेल तर तुम्ही नशीबवान. खोबरेल 24-25 अंशांच्या खाली गोठतं, त्यामुळे पिशवीत बर्फ घालून डागावर ठेवायचा आणि बोथट सुरीने खरवडून काढायचं. शेंगदाणा किंवा करडईचं तेल मात्र लगेच काढावं लागतं. ते हवेत राहून खवट आणि चिकट होतं, आणि एकदा चिकटलं की सहसा पूर्ण निघत नाही. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या तर बोळा करून कधीच ठेवू नयेत, त्या आपोआप तापून पेटतात. इंजिन ऑइलचं तसं नसतं. ते खवट होत नाही, वाळतही नाही, म्हणूनच दोन दिवस उशीर झाला तरी तुमचं काम हाताबाहेर गेलेलं नाही.

पहिलं काम म्हणजे कार्पेट बाहेर काढणं. बरेच जण डिकीत वाकून जागेवरच पुसत बसतात. त्याने कंबर धरते, कार्पेट साफ होत नाही. तुमचं कार्पेट बाहेरच्या कारागिराने बसवलेलं आहे, म्हणजे कडेला रबर सोल्युशनने चिकटवलेलं असणार. एक कोपरा धरून वर न खेचता आडवं, पत्र्याला जवळजवळ समांतर ओढा. वर खेचलंत तर तागाची पाठ फाटते. जिथे सुटत नाही तिथे पुट्टीची पातळ पट्टी आत सरकवा. काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि मागच्या बाजूला खडूने ‘पुढे’, ‘डावी’ असं लिहा. नंतर हे चौकोनी वाटणारं कापड चारही बाजूंनी वेगळं निघतं आणि उलटसुलट बसवण्यात अर्धा दिवस जातो. नमदाही काढा. स्टेपनी काढून तिच्यावर ऑइल लागलंय का पाहा. टायरच्या रबराला खनिज तेल मानवत नाही, तेव्हा साबणाच्या पाण्याने पुसून कोरडी करा.

कार्पेट कशाचं आहे हे आता ठरवायचं. कडेच्या, ऑइल न लागलेल्या जागेतून चार धागे चिमट्याने उपटा आणि गाडीपासून आणि ऑइलच्या चिंध्यांपासून लांब जाऊन पेटवून पाहा. केस जळल्याचा वास आला आणि बोटांत चुरडणारी काळी राख राहिली तर लोकर. वितळून टणक मणी झाला तर नायलॉन किंवा पॉलिप्रॉपिलीन. त्यातलं कुठलं हे ओळखायला दुसरा धागा पाण्यात नीट बुडवून सोडा. पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे तरंगतं, नायलॉन बुडतं. हा खटाटोप अशासाठी की लोकरीला धुण्याचा सोडा आणि ब्लीच चालत नाही, क्लोरीनचं ब्लीच तर लोकर अक्षरशः विरघळवतं. नायलॉन बरंच सोसतं. पॉलिप्रॉपिलीनला पाण्याचे डाग लागत नाहीत, पण तेलाशी त्याची भारी मैत्री, ते सोडायला वेळ लागतो. तुम्ही कार्पेट ‘जुनं, जड, लोकरीसारखं’ असल्याचं लिहिलंय, म्हणून पुढचं सगळं लोकर आणि तागाची पाठ धरून सांगतोय. नायलॉन निघालं तरी हेच करा, काही बिघडणार नाही.

आता मुख्य काम, म्हणजे ऑइल ओढून घेणं. सगळे घाई करतात ती इथेच. फरशीवर जुनी वर्तमानपत्रं, त्यावर पांढऱ्या सुती कापडाच्या दोन-तीन घड्या, त्यावर कार्पेट उलटं, म्हणजे केस खाली आणि पाठ वर. पाठीवरही तशीच घडी ठेवा, वर फळी ठेवा आणि फळीवर विटा. कापड पांढरंच हवं. रंगीत चिंधीचा रंग ऑइलमध्ये उतरतो आणि नवीन उपद्व्याप होतो. गॅरेजमध्ये मिळतं ते बनियनचं वेस्ट, म्हणजे चिंध्या, चालेल, पण त्यातले पांढरे तुकडे निवडून घ्या. अर्ध्या तासाने कापड बदला. पहिल्या दोन-तीन वेळेला घडीवर मधासारखा पिवळा पट्टा उठलेला दिसेल. घासायचं अजिबात नाही, फक्त दाब. घासलं की ऑइल बाजूच्या कोरड्या भागात पसरतं आणि लोकरीचे केस गुंततात, ते परत सरळ होत नाहीत.

कापडावर काही उठेनासं झालं की मुलतानी माती. किराणा दुकानात, आयुर्वेदिक दुकानात सुटी मिळते. चेहऱ्याच्या लेपाची सुगंधी पाकिटं घेऊ नका, साधी आणा, एक-दोन किलो लागेल. जगभर लोकरीच्या गिरण्यांमध्ये कच्च्या लोकरीची चरबी काढायला शतकानुशतकं हीच माती वापरत आलेत, तेव्हा लोकरीवर ती चालेल का ही शंका नको. ढेकळं कुटून, चाळून, उन्हात कडकडीत वाळवून घ्या. ओलसर माती तेल ओढत नाही. कार्पेट सरळ करून डागावर आणि डागाच्या चार बोटं बाहेरपर्यंत बोटभर जाड थर द्या, तळहाताने हलकंच दाबा आणि रात्रभर सोडा. सकाळी माती गडद झालेली दिसेल, काही ठिकाणी गोळे झालेले असतील. ती ब्रशने झाडून काढा, उरलेली व्हॅक्यूम क्लीनरने ओढा. सगळी माती थेट व्हॅक्यूमने ओढायला गेलात तर पीठासारखी बारीक माती फिल्टरमध्ये बसते आणि मशीन दमतं. मग नवा थर. माती गडद व्हायची थांबेपर्यंत हे चालू ठेवायचं. लाकडाचा भुसा गॅरेजच्या फरशीवर ठीक आहे, कार्पेटवर नको, सागवानाचा भुसा स्वतःच रंग सोडतो. पिठासारखं काही तरी घरातलं टाकून बघू नका. पिठाला पुढे किडे होतात.

एवढं झालं की तीन चतुर्थांश काम संपलेलं असतं, आणि एक थेंबही द्रव वापरलेला नसतो. आता द्रव. रंगाच्या दुकानात मिळणारं मिनरल टर्पेंटाईन, एमटीओ म्हणून मागा. थिनर आणू नका. एनसी थिनर रंगाचं काम करणाऱ्यांकडे हमखास पडलेलं असतं म्हणून लोक तेच उचलतात, पण ते चिकटवणारं सोल्युशन, मागचं रबर, कडेची रेक्झिनची पायपिंग, सगळ्यावर चढतं. रॉकेल चालतं, पण त्याचा वास महिनाभर गाडीत राहतो आणि स्वतःचा तेलकटपणाही मागे ठेवतो.

टर्पेंटाईन पेट्रोलपेक्षा खूप सुरक्षित असलं तरी निरुपद्रवी नाही. 35 ते 40 अंशांच्या आसपास त्याची वाफ पेट घेण्याइतकी होते. म्हणजे डिसेंबरच्या सकाळी काळजी कमी, पण एप्रिल-मे महिन्यात दुपारी पत्र्याच्या शेडखाली हे काम करायचं नाही. उघड्यावर, सावलीत, सकाळी. विडी-सिगारेट, देवाची उदबत्ती, जवळपास काही नको. हातात रबरी मोजे.

आधी कोपऱ्यात पांढऱ्या कापडावर टर्पेंटाईन घेऊन रंग सुटतो का पाहा. सुटत नसेल तर मुलतानी मातीत टर्पेंटाईन घालून श्रीखंडाइतका घट्ट लेप करा आणि डागावर अर्धा बोट जाड लावा. टर्पेंटाईन आत जाऊन उरलेलं ऑइल सैल करतं, आणि वरून उडून जाताना ते ऑइल वरच्या मातीत आणून सोडतं. नुसतं टर्पेंटाईन ओतून हे होत नाही. त्याने ऑइल फक्त जागा बदलतं. लेप पूर्ण वाळून तडे जाईपर्यंत थांबा, हवेप्रमाणे सहा तास ते एक दिवस. मग झाडा. आणि इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: माती टर्पेंटाईनने किंचितही ओली असेल तोवर घरगुती व्हॅक्यूम क्लीनर लावायचा नाही. त्याच्या मोटरमधून ठिणग्या उडतात आणि ती वाफ सरळ मोटरवरूनच जाते. नाकाला वास येत असेल तर ब्रशनेच भागवा.

साबण आता. भांडी घासायचं पातळ जेल, एक लिटर कोमट पाण्यात एक चहाचा चमचा, त्याहून जास्त नाही. कपड्यांची पावडर नको, ती क्षारीय असते आणि लोकर कडक करते. पाणी फेटून फेस करा आणि मऊ ब्रशने फक्त फेस कार्पेटवर घ्या, पाणी नाही. एकाच दिशेने, केसांच्या कलाने. लगेच ओलसर पांढऱ्या कापडाने टिपा. फेस काढताना शेवटच्या पाण्यात लिटरला दोन चमचे पांढरा व्हिनेगर घाला, म्हणजे साबणाचा क्षार मरतो. साबण कार्पेटमध्ये राहिला तर पुढे त्याच जागी धूळ चिकटून काळं वर्तुळ दिसायला लागतं. लोकांना वाटतं ऑइल परत आलं, पण ती साबणावर बसलेली धूळ असते.

वाळवायचं उलटं. पाठ वर, केस खाली, खाली बांबू किंवा खाटेसारखं काही घालून दोन्हीकडून हवा लागेल असं. पाणी जिथून उडतं तिथे आपल्याबरोबर आणलेला मळ सोडतं. पाठ वर ठेवली की तागातून सुटणारा तपकिरी रंग आणि उरलंसुरलं ऑइल पाठीवर येऊन बसतं, केसांच्या टोकांवर नाही. ऊन नको, सावलीत वारा हवा. पावसाळ्यात हे काम हातात घेतलंत तर पंखा लावावाच लागेल, नाहीतर तागाला बुरशी.

पाच-सहा दिवसांनी फिकट डाग परत वर आलेला दिसेल. घाबरू नका, हे होतंच. कार्पेटच्या बुडाशी राहिलेलं ऑइल हळूहळू वर चढतं. लेपाची पाळी पुन्हा एकदा द्या, साबण पुन्हा नको.

आता नमदा. तो टाकून द्या. कार्पेट वाचवायला एवढा जीव काढला आणि नमदा मात्र फेकायचा, हे अनेकांच्या जिवावर येतं. पण तागाचा किंवा चिंध्यांचा नमदा एकदा ऑइल प्याला की त्यातून ते काढण्याचा खर्च नव्या नमद्याच्या कितीतरी पट होतो. तोच परत घातलात तर पहिल्या उन्हाळ्यात ऑइल तुमच्या स्वच्छ कार्पेटमध्ये चढेल. जुना नमदा समोर ठेवून नवा कापून घ्या, जाडी तीच ठेवा, नाहीतर कार्पेटच्या कडा बसणार नाहीत.

त्याखालचा काळा थर म्हणजे डांबरी पॅड, आवाज दाबण्यासाठी पत्र्यावर चिकटवलेलं. खरी अडचण इथे असू शकते. इंजिन ऑइल डांबराला मऊ करतं, टर्पेंटाईन तर विरघळवतंच. म्हणून गाडीत, पॅडवर टर्पेंटाईन कधीही ओतू नका. बोटाने दाबून पाहा. पॅड टणक असेल तर साबणाच्या पाण्याने पुसून, वाळवून राहू द्या. बोटाचा ठसा उमटत असेल किंवा हाताला काळं लागत असेल तर तेवढा तुकडा काढावा लागेल. पहाटे गारव्यात बर्फाची पिशवी ठेवली की डांबर ठिसूळ होतं, छिन्नीच्या बोथट टोकाने टवके उडतात. दुपारी तेच काम केलंत तर च्युइंग गमसारखं लांबत जातं. आणि हो, कार्पेटवरचा डाग तुम्ही ‘काळपट’ लिहिलाय. न वापरलेलं नवं ऑइल काळं नसतं. तेव्हा थोडं डांबर वर आलेलं असण्याची शक्यता आहे. टर्पेंटाईनच्या लेपाने तेही निघतं, फक्त एखादा लेप जास्त लागेल.

पत्रा उघडा पडलाच आहे तर नीट बघून घ्या. ऑइलने गंज चढत नाही, उलट थोडं संरक्षणच होतं, पण नमद्याखाली आधीपासून ओल असेल तर ती आता दिसेल. डिकीच्या रबराची भेग, टेल लॅम्पच्या गॅस्केटची भेग, पाणी तिथूनच येतं. तळाला पाणी जायची भोकं असतील तिथले रबरी बूच काढून पाहा. ऑइलने फुगलेले असतील तर बदला, ते परत घट्ट बसत नाहीत. कुठे रंगाचा हात मारणार असाल तर आधी पत्रा टर्पेंटाईनने, मग साबणाने, मग स्वच्छ पाण्याने पुसून कोरडा करा. ऑइलचा अंश राहिला तर नव्या रंगात डोळे, म्हणजे गोल खळगे पडतात, आणि पेंटर मग पेंटच्या डब्याला दोष देतो.

आता तुम्ही विचारलं नाही तरी मनात असेल तो प्रश्न: एवढ्यापेक्षा नवीन कार्पेट का घेऊ नये? घ्या की. पद्मिनीच्या डिकीतलं हे कार्पेट कंपनीचं नाही, ते गेल्याने गाडीची अस्सलता कमी होत नाही. लोकर असेल तर मात्र मी वाचवीन, कारण आज मिळणारं बहुतेक ऑटो कार्पेट पॉलिप्रॉपिलीनचं किंवा पॉलिएस्टरचं असतं. नायलॉन निघालं, आणि मातीच्या दोन पाळ्यांनंतरही डाग ठळक असेल, तर वेळ घालवू नका. कापलेलं जुनं कार्पेट नमुन्याला ठेवून कुशनवाल्याकडून नवं शिवून घ्या. कंपनीचंच मूळ कार्पेट असलेली परदेशी गाडी असती, तर हा सल्ला मी उलटा दिला असता. तिथे फिकट डाग असलेलं मूळ कार्पेट नव्यापेक्षा मोलाचं.

ऑइलने माखलेली माती आणि चिंध्या पिशवीत भरून गॅरेजवाल्याला द्या, जुन्या ऑइलच्या पिंपाबरोबर जातील. गटारात किंवा सोसायटीच्या बागेत नको.

परत बसवताना पूर्ण कार्पेट सोल्युशनने चिकटवू नका. चार कोपऱ्यांना वेल्क्रोच्या पट्ट्या लावा, म्हणजे दर पावसाळ्यानंतर उचलून खालचा पत्रा बघता येईल. आणि ऑइलचा कॅन. पद्मिनी ऑइल पिते, कॅन जवळ लागणारच, तो ठेवू नका असं सांगण्यात अर्थ नाही. झाकणवाल्या प्लॅस्टिकच्या बादलीत तळाला मुलतानी मातीची मूठभर पुरचुंडी टाकून कॅन उभा ठेवा आणि बादली स्टेपनीला पट्ट्याने बांधा. उघडलेल्या कॅनच्या तोंडावर झाकण लावण्याआधी प्लॅस्टिकचा तुकडा ठेवा, कारण आतलं फॉइलचं सील एकदा फाटलं की त्या झाकणाच्या आट्यांवर घाटाच्या रस्त्यात भरवसा ठेवण्यात अर्थ नाही.